रोजच्या वापरातली २००८ ची जिप्सी ऑफरोडला तयार करायची, तर पैसे आधी कुठे घालावेत?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: २००८ ची जिप्सी किंग नुकतीच घेतली आहे. नाशिकरोडहून सातपूर एमआयडीसीत रोजचं जाणं-येणं तिच्यावरच आहे. सुट्टीच्या दिवशी त्र्यंबक, हरसूल, इगतपुरीकडच्या कच्च्या वाटा करायच्या आहेत, कधी बायको आणि लहान मुलगीही बरोबर असतील. हातात दोन लाख आहेत. यादीत ३ इंच लिफ्ट (गाडी तेवढी उंच करणं), ३१ इंची टायर, विंच (अडकलेली गाडी ओढणारी मोटर आणि केबल), स्नॉर्कल (इंजिनला वरून हवा देणारी नळी) आणि पुढे लोखंडी बंपर. सुरुवात कुठून करावी?

अंबडला माझं गॅरेज आहे, आणि जिप्सी, जुन्या जीप, आधीच्या पिढीची थार हीच कामं जास्त येतात. त्या अनुभवावरून सांगतो, या यादीतलं एकही काम पहिल्या पावसाळ्याआधी करू नका. टायर बदला, पण ३१ इंची नकोत. बाकीचा बराचसा पैसा गाडी मुळात जशी होती तशी करण्यात जाऊ द्या.

कारण असं, की तुमच्याकडे गाडी एकच आहे. ज्याच्या दारात ऑफिसला जायला दुसरी गाडी उभी आहे, त्याची जिप्सी महिनाभर माझ्याकडे खोलून पडली तरी चालतं. तुमची रविवारी रात्री हरसूलहून आली की सोमवारी सकाळी द्वारका चौकातल्या गर्दीतून निघून वेळेत गेटवर लागली पाहिजे. यादीतली प्रत्येक गोष्ट रविवारी काहीतरी देते आणि उरलेले सहा दिवस काहीतरी मागते. पिकअप, ब्रेक, स्टिअरिंगचा हलकेपणा, पेट्रोल.

काही गोष्टी गाडी बघितल्याशिवाय ठरवता येत नाहीत. चॅसिस किती गंजलंय यावर जवळजवळ सगळं अवलंबून आहे. तुम्ही एकटे जाणार की आणखी दोन गाड्या बरोबर असतील, यावर रिकव्हरीचं, म्हणजे अडकलेली गाडी बाहेर काढायचं, सामान ठरतं. महिन्यातून एकदा मुंबईला जाणं असेल, तर मोठ्या टायरबद्दल मी सांगतोय त्याहून कडक व्हा. हे सगळं माहीत नसताना जितकं सांगता येईल तितकं सांगतो.

सुरुवात पुढच्या अ‍ॅक्सलपासून. जुन्या जिप्सीची हमखास तक्रार म्हणजे साठ-सत्तरच्या वेगाला स्टिअरिंग थरथरणं. बहुतेक जण बॅलन्सिंग करतात, मग स्टिअरिंग डॅम्पर बदलतात, थोडे दिवस बरं वाटतं आणि पुन्हा सुरू होतं. मूळ बहुतेक वेळा किंगपिनच्या, म्हणजे पुढचं चाक ज्या खिळीवर वळतं तिच्या, बेअरिंगमध्ये असतं. हे घरी तपासता येतं. पुढचं चाक जॅकवर घ्या, टायर वर आणि खाली धरून आत-बाहेर हलवा. खडखड जाणवली तर दुसऱ्याला ब्रेक दाबून धरायला सांगा आणि पुन्हा हलवा. ब्रेक दाबल्यावर खेळ गेला तर व्हील बेअरिंग. तसाच राहिला तर किंगपिन. टायर डाव्या-उजव्या बाजूंनी धरून हलवल्यावर खेळ आला तर टाय रॉड एंड बघा. हा खेळ असताना मोठे, जड टायर चढवले तर थरथर दुप्पट होते, आणि दोष मात्र टायरवाल्याच्या माथी येतो.

तिथेच असताना चाकामागचा तो गोल चेंडूसारखा भाग, म्हणजे नकल, बघून घ्या. त्यावरून बोट फिरवा. घट्ट ग्रीसचा पातळ थर असेल तर ठीक. ग्रीस पातळ होऊन तेलासारखं ओघळत असेल, तर आतलं ऑइल सील गेलंय आणि डिफचं, म्हणजे चाकांना ताकद वाटून देणाऱ्या डिफरन्शियलच्या गोळ्यातलं, ऑइल नकलमध्ये उतरतंय. बोटाला दुधाळ, राखाडी काही लागलं तर पाणी शिरलंय. अशी गाडी घेऊन पावसाळ्यात ओढ्यात उतरलात, तर पुढच्या उन्हाळ्यात बेअरिंग आणि अ‍ॅक्सलच्या सांध्यांचं मोठं बिल ठरलेलं.

मग चॅसिस. गाडी खड्ड्यावर किंवा रॅम्पवर घ्या आणि जड स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकत जा. चांगला पत्रा खणखणतो, गंजलेला बद्द वाजतो. मागच्या पाट्यांचे (लीफ स्प्रिंगचे) हँगर, बॉडी माउंट आणि मॅटखालचा फ्लोअर इथे जास्त वेळ द्या. अंडरकोटिंगचा जाड काळा थर दिसला तर खूश होऊ नका, खरवडून बघा. विकण्याआधी गंजावर कोटिंग मारून दिलेल्या गाड्या आमच्याकडे येत राहतात. हँगरपाशी गंज खोलवर असेल तर दोन लाखांचा पहिला वाटा वेल्डिंगला जाईल आणि तो जायलाच हवा. ऑफरोडला सगळे झटके तिथेच येतात.

पाटे बसलेत का तेही याच वेळी कळेल. इतक्या वर्षांच्या गाडीचे पाटे सपाट झालेले असतात, त्यामुळे गाडी मुळापेक्षा आधीच खाली आलेली असते. पाटे ठोकून कमान परत आणता येते, पण ठोकलेले पाटे पुन्हा लवकर बसतात. नवीन सेट, नवीन बुश, नवीन शॅकल पिन (शॅकल म्हणजे पाट्याचं टोक चॅसिसला जोडणारी कडी) घाला, आणि यू-बोल्टही नवे घ्या, कारण एकदा ताणून आवळलेला यू-बोल्ट परत वापरायचा नसतो. एवढ्यानेच गाडी मूळ उंचीवर येते. ज्यांना लिफ्ट हवी असते, त्यातल्या पुष्कळांना खरी गरज हीच असते.

बाकीचं झटपट सांगतो. ब्रेकचे रबरी होज, ब्रेक ऑइल, रेडिएटर, कूलंटचे होज, क्लच, आणि दोन्ही डिफ, गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस यांचं ऑइल. फोर व्हील ड्राइव्ह खरोखर लागते का तेही बघा. पहिल्या मालकाने वर्षानुवर्षं तो लिव्हर हलवलेलाच नसतो. कच्च्या, ढिल्या जमिनीवर फोर हाय (चारही चाकांना ताकद, नेहमीच्या गिअरिंगवर) टाका, थोडं पुढे-मागे करा, फ्रीव्हील हब (पुढची चाकं अ‍ॅक्सलला जोडणारे-सोडणारे) असतील तर दोन्ही लॉक होतायत का तपासा. कोरड्या डांबरावर हा प्रयोग करू नका. जिप्सीत मधलं डिफरन्शियल नाही. वळताना पुढची आणि मागची चाकं वेगवेगळं अंतर कापतात, तो फरक डांबरावर कुठे जिरत नाही आणि सगळा ताण शाफ्ट आणि गिअरवर येतो. मग लिव्हर अडकतो.

आता टायर. यावर सविस्तर लिहितो, कारण पैसे इथेच सत्कारणी लागतात आणि वायाही इथेच जातात.

तुमच्या गाडीचा मूळ टायर २०५/७० आर १५. त्याचा व्यास साधारण ६६८ मिलिमीटर. ३१ इंची टायर म्हणजे ७८७. चाक सुमारे १८ टक्के मोठं झालं. म्हणजे त्याच गिअरला, त्याच इंजिनच्या ताकदीत, रस्त्यावर मिळणारा जोर जवळपास १५ टक्क्यांनी घटला. मागची गिअरिंग न बदलता हे केलं तर जिप्सीला झेपत नाही. तिचं १.३ लिटरचं इंजिन ८० अश्वशक्तीचं आहे, पण ती ताकद ६००० आरपीएमला मिळते, आणि टॉर्क फक्त १०३ न्यूटन मीटर, तोही ४५०० ला. खाली दम कमी, म्हणून या गाडीचं सगळं भागतं गिअरिंगवर. त्यात जिप्सीची लो रेंज (अवघड चढासाठीचे ट्रान्सफर केसमधले हळू गिअर) फारशी लो नाही. डिझेल थार अवघड चढ आयडलवर चढते, जिप्सीचं इंजिन जोरात फिरवावं लागतं. ३१ इंची टायर घालून तुम्ही नेमकं तिच्या दुखऱ्या जागेवर वजन टाकता. पाचवा गिअर हायवेला नावापुरता उरतो. ब्रेकलाही त्याच हिशेबाने जास्त मेहनत पडते, आणि कसारा घाट उतरताना ते पायाला कळतं. पॉवर स्टिअरिंग नसेल तर सातपूरला पार्किंगमध्ये रोज खांदे भरून येतील.

लोकप्रिय मधला मार्ग म्हणजे २३५/७५ आर १५. व्यास ७३३ च्या आसपास, म्हणजे दहा टक्के मोठा. ऑफरोडला छान आहे, पण मूळ रिम त्याला अरुंद पडते, रिमही बदलावी लागते, आणि पूर्ण स्टिअरिंग वळवल्यावर कुठे ना कुठे घासतं. ज्याची जिप्सी फक्त सुट्टीची गाडी आहे, त्याला मी हा टायर घालून देतो.

तुमच्यासाठी २१५/७५ आर १५, ऑल टेरेन (डांबर आणि कच्चा रस्ता दोन्हीला चालणाऱ्या) पॅटर्नमध्ये. व्यास ७०३ मिलिमीटर, फरक पाच टक्के. काट्यावर ८० दिसताना खरे ८४ असतील, एवढाच फेर लक्षात ठेवायचा. मूळ रिमवर बसतो. दुसरं म्हणजे हा बोलेरोचा साइज आहे. बोलेरो आपल्या नाशिकच्याच कारखान्यातली, आणि तिचा टायर पेठ, सुरगाणा, हरसूल कुठेही मिळतो. रविवारी दुपारी साइडवॉल फाटली, तर संध्याकाळी घरी यायला ही गोष्ट विंचपेक्षा मोलाची आहे. पाच घ्या, स्टेपनीसकट. चार नवीन आणि स्टेपनी जुन्या साइजची असं नको, फोर व्हीलमध्ये असताना चारही चाकं एकाच मापाची लागतात.

चिखलासाठी मड टेरेनच (खोल खाचांचे चिखलाचे टायर) घ्यावेत का, हेही विचाराल. आपल्याकडची काळी माती ओली झाली की टायरच्या खाचा भरते आणि कितीही खोल पॅटर्न असला तरी दोन मिनिटांत गुळगुळीत चाक फिरत राहतं. मड टेरेन चाकाचा वेग वाढला तर माती फेकून देतो, पण तेवढं फिरवायला मोकळी जागा आणि ताकद दोन्ही लागतं. उलट ओल्या डांबरावर त्याची पकड कमी, आवाज जास्त, आणि तुमचे आठवड्यातले बहुतेक किलोमीटर ओल्या-कोरड्या डांबरावरचेच आहेत. त्र्यंबककडचे बसाल्टचे दगड आणि मुरूम यांना ऑल टेरेन पुरतो. काळ्या मातीला उपाय एकच, पाऊस चालू असताना तिथे जायचं नाही.

टायरबरोबर एक हवेचा कॉम्प्रेसर आणि चांगला गेज घ्या. कच्च्यावर उतरताना हवा १६ ते १८ पीएसआयपर्यंत कमी करा. टायर लांबट पसरतो, पकड वाढते, दगडावरचे हादरे कमी होतात, आणि टनाच्या आसपासच्या हलक्या गाडीत हा फरक फार मोठा पडतो. १५ च्या खाली नको, रिमवरून टायर निसटतो. डांबरावर आल्यावर आधी हवा भरा, मगच वेग घ्या. एवढं केल्यावर जिप्सी जिथे जाते ते बघून पुष्कळ जण लिफ्टचं नाव काढत नाहीत.

लिफ्टमध्ये एक गैरसमज कायम दिसतो. पाटे किंवा शॅकल लांब करून बॉडी आणि चॅसिस उंच होतात. डिफचा गोळा आहे तिथेच राहतो, कारण तो अ‍ॅक्सलवर आहे. त्याला उंची फक्त टायरच देतो, आणि तीही व्यास वाढेल त्याच्या निम्मी. ३ इंच लिफ्ट केली की प्रॉपेलर शाफ्टचा कोन वाढतो, क्रॉस (शाफ्टचे सांधे) लवकर जातात, ब्रेक होज ताणले जातात. नुसतं पुढचं शॅकल लांब केलं तर अ‍ॅक्सल फिरून कॅस्टर (स्टिअरिंग सरळ ठेवणारा पुढच्या चाकांचा कल) कमी होतो आणि गाडी हायवेला सरळ धरत नाही, सारखी सावरत बसावं लागतं. जिप्सी मुळातच अरुंद आणि उंच आहे. मुलगी मागे बसलेली असताना घाटातल्या वळणावर गाडीला आणखी तीन इंच वर न्यावं असं मला वाटत नाही. आणि मागची आडवी बाकडी लहान मुलांसाठी कच्च्या रस्त्यावर अजिबात योग्य नाहीत. मुलगी बरोबर असेल तेव्हा साधी वाट निवडा.

विंचला माझा सध्या विरोध आहे. विंच, केबल आणि त्याला पेलणारा बंपर मिळून हलक्या गाडीच्या नाकावर बरंच वजन येतं, नवे पाटे बसतात, बॅटरी-अल्टरनेटरवर भार येतो. सुरुवातीला एकटं जायचंच नाही, निदान दोन गाड्या हव्यात. मग कायनेटिक रोप (ताण घेणारा ओढायचा दोर), प्रत्येकी सव्वातीन टनांचे दोन शॅकल (पाट्यांचे नव्हेत, रोप अडकवायच्या कड्या) आणि चॅसिसला नीट बोल्ट केलेले पुढे-मागे हुक एवढं पुरतं. हुकांचे बोल्ट काढून बघा, गंजलेले असतील तर बदला. ओढताना बंपरला किंवा टो बॉलला रोप कधीही लावू नका, तो तुटून उडाला तर माणूस मरतो. रोप ताणलेला असताना कुणी त्याच्या रेषेत उभं राहायचं नाही. एक फावडं ठेवा, चिखलात सगळ्यात जास्त तेच वापरलं जातं.

स्नॉर्कल घातलं म्हणजे पाण्यात जाता येतं असं नाही. इंजिनला हवा वरून मिळाली तरी कॉइल, प्लगच्या वायर, कनेक्टर खालीच असतात. त्याआधी करायचं काम स्वस्त आहे, ते म्हणजे ब्रीदर (डिफ-गिअरबॉक्समध्ये हवा आत-बाहेर होण्याचं छोटं तोंड) लांब करणं. चालून गरम झालेला डिफ थंड पाण्यात उतरला की आतली हवा आकसते आणि जिथून मिळेल तिथून आत ओढते. अ‍ॅक्सलवरचा छोटा ब्रीदर पाण्याखाली असेल किंवा चिखलाने बंद असेल, तर ती सीलमधून पाणी ओढते. दोन्ही डिफ, गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केसच्या ब्रीदरला ऑइलला चालणारी नळी लावून ती बॉनेटखाली उंचावर आणा. अर्ध्या दिवसाचं काम. पाणी चाकाच्या मध्यापर्यंत, त्याहून वर नाही, आणि उतरण्याआधी चालत जाऊन तळ बघायचा. फरशी पुलावरून पाणी वाहत असेल तर ते कितीही उथळ दिसलं तरी थांबायचं. इगतपुरी-त्र्यंबक पट्ट्यात वर पाऊस झाला की खाली पाणी अचानक वाढतं.

कायद्याचंही सांगायला हवं. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे आरसीवर नोंदलेल्या मूळ तपशिलाशी न जुळणारे बदल करता येत नाहीत. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच स्पष्ट केलं. कलम १८२अ मध्ये अशा प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. लोखंडी बुल बारवर केंद्राने डिसेंबर २०१७ मध्येच कारवाईचे आदेश दिले. समोरून पायी जाणाऱ्याला तो जीवघेणा ठरतो, म्हणून तुमच्या यादीतला तो बंपर मी स्वतः बसवून देणार नाही. तुमच्या गाडीची पंधरा वर्षं २०२३ ला पूर्ण झाली, म्हणजे पुढचं पासिंग २०२८ ला. तेव्हा चॅसिस धड असणं आणि गाडी मूळ रूपात असणं दोन्ही उपयोगी पडेल. अपघात झाल्यावर विमा कंपनीही पहिल्यांदा हेच बदल बघते.

आणि वाटांबद्दल एक कळकळीची विनंती. भाताच्या खाचरातून गाडी घालू नका, रिकामं दिसलं तरी. एक बांध फुटला की त्या शेतकऱ्याचं पाणी जातं, आणि लावणीच्या दिवसांत तो बांध पुन्हा घालायला त्याच्याकडे माणूस नसतो. वनखात्याच्या हद्दीत परवानगीशिवाय जाऊ नका. नांदूरमध्यमेश्वरसारख्या पक्ष्यांच्या जागी तर वाळलेल्या काठावरही नको. गावात थांबून विचारलं तर लोक वाट दाखवतात, चहाही देतात. पुढे येणाऱ्या गाड्यांना ती वाट उघडी राहायची असेल तर हे सांभाळावं लागेल.

पैशांचं गणित असं बसेल: निम्म्याहून जास्त अ‍ॅक्सल, पाटे, ब्रेक आणि गंज यांवर. त्यानंतर पाच टायर. मग कॉम्प्रेसर, रोप, शॅकल, हुक, ब्रीदर. थोडे हातात ठेवा, कारण जुनी गाडी खोलल्यावर काहीतरी निघतंच. मेअखेर ही कामं उरकली तर पावसाळा हाताशी आहे.

दिवाळीच्या सुमारास गाडी रॅम्पवर घ्या, खालून धुवा आणि ओरखडे कुठे आलेत ते बघा. डिफच्या गोळ्यावर असतील तर उत्तर टायरमध्ये आहे, आणि तेव्हा २३५ चा विचार करू. पाट्याखालच्या यू-बोल्टच्या टोकांवर असतील तर ती प्लेट आणि बोल्टची बाहेर आलेली टोकं यांचं बघता येतं, लिफ्ट लागत नाही. पुढच्या किंवा मागच्या बंपरवर असतील तर बहुधा चढाला लागण्याचा कोन चुकतोय, तो चालवण्यात सुधारतो. चॅसिसच्या मधल्या आडव्या पट्टीवर असतील, तर मात्र लिफ्टबद्दल बोलू, आणि तेव्हाही दीड इंचापासून सुरुवात करू.